पी हळद अन् हो गोरी? एका कॅचरची ब्रॅडेंटन ते पिट्सबर्ग केस

ओओटीपी, म्हणजे आऊट ऑफ द पार्क बेसबॉल, खेळणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. हा बॅट फिरवायचा गेम नाहीये. मार्कस हाइन्झोन या जर्मन माणसाने १९९९ मध्ये काढलेला मॅनेजमेंट गेम आहे, स्क्रीनवर बहुतेक वेळ नुसते तक्ते आणि आकडे. आपण टीमचे जनरल मॅनेजर, ड्राफ्ट करा (नवीन पोरं पाळीपाळीने निवडायची), ट्रेड करा, बजेट वाटा, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम म्हणजे मायनर लीगमधली, म्हणजे मुख्य टीमच्या खालच्या टीम्समधली, पोरं वाढवा. ही केस त्यातल्याच एका पोराची. सुपरस्टार झालेल्या पोराची नाही, तेव्हा उगाच अपेक्षा ठेवू नका. साधारण निघालेला मुद्दाम घेतलाय, कारण सुपरस्टार पोरं कशीही ठेवली तरी वाढतात, आपण काय केलं म्हणून वाढली ते त्यांच्याकडे बघून कळतच नाही.

माझं म्हणणं आधीच टाकतो म्हणजे सस्पेन्स नको. पोराच्या नावापुढचे पोटेन्शियलचे, म्हणजे पुढे किती वाढेल याच्या अंदाजाचे, तारे बघून प्रमोशन देऊ नका, आणि नुसता बॅटिंग ॲव्हरेज बघूनही देऊ नका. त्याचं आजचं रेटिंग कुठल्या दिशेला सरकतंय आणि त्याला रोज खेळायला मिळतंय का, या दोनच गोष्टी बघा. बाकी सगळं पी हळद अन् हो गोरी.

टीम पिट्सबर्ग पायरेट्स, व्हर्जन ओओटीपी २५, सेव्ह २०२४ च्या सीझनपासून चालू. पायरेट्सच का, तर पैसा कमी असलेली टीम. मोठ्या टीम्ससारखे फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे झालेले खेळाडू, विकत घेऊन भागत नाही, जे काय करायचं ते घरचीच पोरं वाढवून. आपल्याकडे रणजी खेळणारा पोरगा मुंबईचा किंवा विदर्भाचा असतो, आयपीएलवाले त्याला नंतर बोली लावून नेतात. बेसबॉलमध्ये तसं नाही, सही केल्या दिवसापासून पोरगा वरच्या टीमच्याच मालकीचा, आणि तीच टीम त्याला खालून वर एकेक पायरी चढवत आणते. पायरेट्सच्या पायऱ्या अशा: फ्लोरिडात ब्रॅडेंटनला कॉम्प्लेक्स लीग, तिथेच सिंगल ए मरॉडर्स, मग नॉर्थ कॅरोलिनात हाय ए ग्रीन्सबरो ग्रासहॉपर्स, मग पेनसिल्व्हेनियात डबल ए अल्टूना कर्व्ह आणि शेवटी ट्रिपल ए इंडियानापोलिस इंडियन्स.

ब्रॅडेंटनचा आपला एक धागा आहे, सांगूनच टाकतो. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, ते दोघं उत्तर प्रदेशातले भालाफेकवाले जे २००८ मध्ये मिलियन डॉलर आर्म स्पर्धेतून निवडले गेले, त्यांना सही केलं ते याच पायरेट्सनी, आणि २००९ मध्ये ते खेळले ते याच ब्रॅडेंटनच्या रूकी लीगमध्ये. (क्रिकेटवाल्या रिंकू सिंगशी घोळ करू नका, हा वेगळा, जो पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला.) ज्यांनी आधी कधी बेसबॉल हातात धरला नव्हता त्यांनाही सगळ्यात खालच्या पायरीवरच बसवलं होतं. गेममध्ये मात्र लोक अठरा वर्षांच्या पोराला दुसऱ्याच वर्षी डबल ए ला पाठवतात, असो.

पोरगा

२०२६ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या राऊंडला मी प्वेर्तो रिकोचा एक हायस्कूलमधला कॅचर घेतला, म्हणजे पिचरने टाकलेला बॉल पकडणारा, आपल्या विकेटकीपरसारखा. तोपर्यंत ड्राफ्टची पोरं गेमने स्वतः बनवलेली असतात, म्हणजे हा खरा माणूस नाही. गेमने दिलेलं नाव लांबलचक होतं, मी आणि माझा मित्र (तो सोबत बसून सल्ले देतो, बहुतेक चुकीचे) त्याला बाळ्या म्हणायला लागलो, इथेही तेच म्हणतो.

हायस्कूलचा कॅचर म्हणजे ड्राफ्टमधला सगळ्यात धोक्याचा माल असं खऱ्या बेसबॉलमध्येही मानतात. कॅचरला बॅटिंग शिकायची, कॅचिंग शिकायची, पिचर्सना सांभाळायचं, वर गुडघे झिजवायचे, त्यामुळे वाढायला वेळ लागतो आणि मध्येच कुठेतरी गळतात. मी घेतला तो दोन कारणांनी. एक म्हणजे स्वभावाच्या पानावर वर्क एथिक हाय लिहिलं होतं आणि पर्सनॅलिटी टाईप कॅप्टन. दुसरं म्हणजे त्याचा फेकीचा हात.

रेटिंग्ज २० ते ८० च्या स्केलवर असतात, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. प्रत्येक गोष्टीला दोन आकडे, आजचा आणि पोटेन्शियल. बाळ्याचं पान उघडलं तेव्हा कॉन्टॅक्ट आज २५, पोटेन्शियल ५०. पॉवर ३० आणि ५५. आय, म्हणजे बॉल सोडायची अक्कल, ३५ आणि ५५. स्ट्राईकआऊट (तीन स्ट्राईक होऊन आऊट) टाळणं २५ आणि ४५. कॅचिंगमध्ये फ्रेमिंग, म्हणजे बॉल असा पकडणं की अंपायर स्ट्राईक देईल, आताच ५० आणि आर्म, म्हणजे फेक, ६०. बहुतेक जण या पानावर उजव्या बाजूचे आकडे वाचतात, ५०, ५५, ५५, वा वा, रेग्युलर कॅचर मिळाला. माझी नजर गेली त्या ४५ वर. गेममध्ये कॉन्टॅक्ट हे काही स्वतंत्र रेटिंग नाही, ते मुख्यतः दोन गोष्टींनी बनतं, बॉल खेळात गेला तर किती वेळा हिट होतो आणि मुळात किती वेळा बॅटर स्ट्राईकआऊट न होता बॉल खेळात घालतो. म्हणजे पोरगा पूर्ण वाढला तरी स्ट्राईकआऊट सरासरीपेक्षा जास्तच होणार हे पहिल्या दिवशीच लिहिलेलं होतं. या पोराची अख्खी केस त्या एका ओळीवर चालणार होती, बाकी पॉवर वगैरे आपोआप येईल तेव्हा येईल.

आणि हेही लक्षात घ्या की पोटेन्शियल म्हणजे ब्रह्मदेवाने कपाळावर लिहिलेलं नाही. ते आपल्या स्काऊटचं, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्या माणसाचं, मत आहे, स्काऊटची ॲक्युरसी जितकी तितकं खरं, आणि खरं पोटेन्शियलसुद्धा दरवर्षी वरखाली होतं. सेटिंगमध्ये टॅलेंट चेंज रँडमनेस नावाची गोष्ट असते, डीफॉल्ट १००, ती वाढवली की पोरं लॉटरीसारखी वरखाली होतात. मी १०० वरच ठेवली होती.

खालच्या दोन पायऱ्या

पहिलं काम, ऑटोमॅटिक प्रमोशन बंद. गेममध्ये मायनर लीगचा कारभार कॉम्प्युटरच्या असिस्टंटवर सोडता येतो, आणि तो असिस्टंट रिकामी जागा दिसली की पोरगा उचलून वर टाकतो, पोरगा तयार आहे का हे त्याच्या दृष्टीने दुय्यम. मी प्रत्येक टीमचं करत नाही, वीस पंचवीस पोरं निवडतो ज्यांच्यावर पैसे लावलेत, त्यांची हलवाहलव माझ्या हातात, बाकीचे असिस्टंटकडे.

कॉम्प्लेक्स लीगमध्ये फार काही सांगण्यासारखं घडलं नाही. ब्रॅडेंटनला सिंगल ए मध्ये एक बावीस वर्षांचा कॉलेजमधून आलेला कॅचर होता, प्रॉस्पेक्ट, म्हणजे पुढे चमकेल असा पोरगा, म्हणून शून्य पण आजचं रेटिंग बाळ्यापेक्षा बरं, त्यामुळे तिथला कॉम्प्युटर मॅनेजर त्यालाच आठवड्यातून चार दिवस कॅच करायला लावायचा आणि बाळ्या बाकावर. मी त्या कॉलेजवाल्याला सरळ रिलीज केलं. मित्र म्हणाला, "अरे बिचारा, काय बिघडवलं होतं त्याने तुझं?" काही नाही, पण मायनर लीगची टीम मॅच जिंकण्यासाठी नसते, ज्याला वर न्यायचंय त्याला बॅटिंग मिळावी म्हणून असते. बाकीचे चोवीस जण त्याच्यासोबत खेळायला लागतात म्हणून आहेत, ऐकायला वाईट वाटतं पण खऱ्या फार्म सिस्टीमचंही असंच आहे.

कॅचरच्या बाबतीत रोज खेळणं हे तितकं सरळ नसतं. कॅचर थकतो, गेममध्ये थकवा मोजला जातो, थकलेला पोरगा खेळवत राहिलात तर परफॉर्मन्सही पडतो आणि दुखापतीची भीती. म्हणून मी लाइनअप स्वतः लिहिला. खऱ्या मायनर लीगमध्ये २०२१ पासून सहा मॅचेसची सिरीज असते, मंगळवार ते रविवार, सोमवारी सुट्टी. मी तोच हिशोब धरला, चार दिवस कॅच, एक दिवस डीएच, म्हणजे फक्त बॅटिंग, एक दिवस आराम. त्या डीएचच्या दिवसाने सीझनभरात बॅटिंगच्या किती संधी वाढतात ते तुम्हीच गुणाकार करून बघा. बॅटरची वाढ बॅट हातात घेतल्याशिवाय होत नाही.

पॉवर बरी आहे तर राईट फील्डही शिकवून ठेव असं मित्राचं चालू होतं. खऱ्या पायरेट्सनी हेन्री डेव्हिसचं असंच केलं होतं, २०२१ च्या ड्राफ्टमधला पहिला पिक, कॅचर, आणि २०२३ मध्ये वर आणला तेव्हा बहुतेक वेळ राईट फील्डला उभा केला. डेव्हिसकडे पहिल्या पिकची बॅट होती म्हणून तो विचार तरी करता आला. बाळ्याची सगळी किंमत स्टंपामागे बसण्यात, सॉरी, प्लेटमागे बसण्यात होती. राईट फील्डला तोच पोरगा चौथा आऊटफील्डर. म्हणून नाही शिकवलं.

ग्रीन्सबरोचे होमरन

२०२८ च्या मध्याला ग्रीन्सबरो, आणि पुढचा अर्धा सीझनही तिथेच. इथे गोष्ट रंजक होते. ग्रीन्सबरोचं ग्राऊंड होमरनसाठी प्रसिद्ध आहे, बॉल उडतो, आणि गेममध्ये प्रत्येक ग्राऊंडचे पार्क फॅक्टर दिलेले असतात म्हणजे तिथेही उडतो. बाळ्या धडाधड होमरन मारायला लागला. लीगच्या होमरनच्या यादीत पहिल्या पाचात. प्रॉस्पेक्टच्या यादीत नाव वर सरकलं, दुसऱ्या टीमकडून ट्रेडसाठी विचारणा यायला लागली, आणि मित्राचं रोजचं पालुपद, ढकल वर, ढकल वर.

मी त्याच्या रेटिंगचा इतिहास उघडून बसलो. पॉवर ३५ वरून ४५, छान. आय ४०. पण स्ट्राईकआऊट टाळणं ३०, आणि गेले सात आठ महिने ३० च. दहातल्या तीन वेळा पोरगा स्ट्राईकआऊट. हाय ए च्या पिचर्सविरुद्ध हे खपतं कारण तिथले पिचर चुका करतात आणि त्या चुका ग्रीन्सबरोत कुंपणाबाहेर जातात. म्हणजे आकडे सुंदर आणि वाढ ठप्प, पोरगा त्या लेव्हलला जे येतं तेच पुन्हा पुन्हा करत होता. अशा वेळी दोन मतं असतात, एक म्हणजे स्ट्राईकआऊट सुधारेपर्यंत इथेच ठेव, दुसरं म्हणजे इथे सुधारणारच नाही, कारण इथे त्याला सुधारायची गरजच नाहीये. मी दुसऱ्या मताचा. गेमचा आतला फॉर्म्युला आपल्याला दिसत नाही, पण लेव्हल फार सोपी झाली की वाढ मंदावते हे हा गेम खेळणारे बहुतेक जण मान्य करतात.

गंमत बघा, मी आणि मित्र दोघं शेवटी एकच गोष्ट म्हणत होतो, वर पाठवू. पण तो होमरन बघून म्हणत होता आणि मी थांबलेला ३० बघून. निर्णय एकच, पण पुढे काय अपेक्षा ठेवायची ते पूर्ण वेगळं.

अल्टूना

२०२९ च्या जुलैमध्ये डबल ए. अल्टूना हे रेल्वेचं गाव, टीमचं नाव कर्व्ह पडलं ते जवळच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावरून, १८५४ मध्ये डोंगर चढवायला बांधलेलं ते, अजून गाड्या जातात. ग्राऊंडच्या राईट फील्डमागे रोलर कोस्टर उभा आहे. हे सगळं गेममध्ये उपयोगाचं नाही पण मला आवडतं म्हणून लिहिलं.

डबल ए ही खरी चाळणी. इथून पुढे पिचर्सना बॅटरचं पारडं जड असतानाही ब्रेकिंग बॉल, म्हणजे वळणारा बॉल, स्ट्राईकमध्ये टाकता येतो. बाळ्या आला आणि बुडाला. डब्ल्यूआरसी प्लस, म्हणजे लीगची सरासरी १०० धरून बॅटरची किंमत सांगणारा आकडा, सत्तरच्या घरात. स्ट्राईकआऊट तीनातली एक वेळ. प्रॉस्पेक्टच्या यादीतून नाव खाली, ट्रेडची विचारणा बंद. मित्र म्हणाला, "बघ, खाली पाठव त्याला, कॉन्फिडन्स जाईल पोराचा." कालपर्यंत ढकल ढकल म्हणणारा हाच माणूस, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

मी नाही पाठवला. आणि इथेच या केसचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश. मी दर महिन्याच्या एक तारखेला फक्त चार आकडे बघत होतो: स्ट्राईकआऊट टाळणं, आय, फ्रेमिंग आणि त्या महिन्यात बॅटिंगला किती वेळा आला. ऑगस्टमध्ये पहिल्या आकड्याचा ३० चा ३५ झाला. बॅटिंग ॲव्हरेज तेव्हा दोनशेच्या (.२००, म्हणजे हजारात दोनशे हिट) जरा वर, म्हणजे रडका. सप्टेंबरमध्ये आय ४५. सीझन संपला तेव्हा कागदावर हा पोरगा फेल होता आणि रेटिंगच्या पानावर गेल्या दीड वर्षातली सगळ्यात चांगली वाढ त्याच तीन महिन्यांत झाली होती. ग्रीन्सबरोत बरोबर उलटं होतं.

याचा अर्थ पोरगा जितका बुडवाल तितका शिकेल असा कुणी घेऊ नका. त्याच वर्षी माझा एक आऊटफील्डर तिथेच बुडत होता आणि त्याची रेटिंग्ज जागची हलत नव्हती, उलट पोटेन्शियल घसरायला लागलं, त्याला मी महिन्याभरात परत ग्रीन्सबरोला नेला. त्याचं वर्क एथिक लो होतं, त्यामुळे असेल किंवा नसेलही. बुडतोय हे दोघांचं सेम, फरक फक्त त्या एका पानावर दिसत होता.

अल्टूनाला मी हिटिंग कोच बदलला, हिटिंग शिकवण्याचं रेटिंग चांगलं असलेला घेतला, डेव्हलपमेंट बजेट थोडं वाढवलं. उपयोग झाला असेल, पण मोजून दाखवता येणार नाही.

२०३० ला पुन्हा अल्टूना. जूनमध्ये वरच्या टीमचा बॅकअप कॅचर जखमी, इंडियानापोलिसचा एक कॅचर वर गेला, ट्रिपल ए ची जागा रिकामी. बाळ्याचा डब्ल्यूआरसी प्लस तेव्हा १०५ च्या आसपास, स्ट्राईकआऊट कमी होत चाललेले. कुणीही म्हणेल की आता तरी न्या. अडचण अशी की इंडियानापोलिसला अजून एक तिशी ओलांडलेला कॅचर होता ज्याला मी वरच्या टीमचा विमा म्हणून ठेवलेला, उद्या अजून कुणी पडलं तर हाच जाणार. त्याला कॅचिंगची सवय राहायला हवी म्हणजे आठवड्यातून तीन चार दिवस तोच. डीएचला तिथे एक बॅट होती जिला मी बाजूला करू शकत नव्हतो. मग बाळ्याला काय मिळणार, आठवड्यातून दोन मॅच. अल्टूनात पाच मिळत होत्या. मी रस्त्यावरचा एक म्हातारा कॅचर मायनर कॉन्ट्रॅक्टवर उचलला, इंडियानापोलिसला बसवला आणि बाळ्या जिथल्या तिथे.

लेव्हल आणि रोजचं खेळणं यात भांडण लागलं तर मी डोळे झाकून रोजच्या खेळण्याच्या बाजूने. वरच्या लेव्हलच्या बाकावर बसून कुणी वाढत नाही, निदान तेवीस वर्षांखालचं पोरगं तरी नाही.

नोव्हेंबर २०३०

इथे मात्र घड्याळ आडवं आलं. रूल ५ ड्राफ्ट म्हणजे काय ते थोडक्यात: अठरा किंवा त्याहून कमी वयात सही केलेल्या पोराला पाचव्या रूल ५ ड्राफ्टपर्यंत (एकोणीस किंवा जास्त असेल तर चौथ्या) टीमच्या ४० जणांच्या रोस्टरवर घेतलं नाही तर दुसरी कुठलीही टीम त्याला एक लाख डॉलरमध्ये उचलू शकते. अट एवढीच की उचलणाऱ्याने त्याला पुढचा अख्खा सीझन वरच्या २६ जणांत ठेवायचा, नाहीतर परत द्यायची ऑफर करावी लागते. २०२६ ला सही केलेल्या बाळ्याची पाळी २०३० च्या डिसेंबरला.

माझे ४० भरलेले. त्याला आत घ्यायचं तर कुणालातरी बाहेर. शेवटची जागा होती एका एकोणतीस वर्षांच्या रिलीव्हरकडे, म्हणजे मॅचच्या मध्येच येणाऱ्या पिचरकडे, ऑप्शन (खाली मायनरमध्ये पाठवायची मुभा) संपलेले, पण माणूस उपयोगाचा, सातव्या इनिंगला मी त्यालाच आणायचो. मित्राचा मुद्दा तसा बिनतोड होता, "डबल ए मध्ये दोनशे चाळीस मारणाऱ्या कॅचरला कोण उचलून वर्षभर मेजर लीगमध्ये बसवेल रे? सोड, कुणी घेत नाही."

यावर मी त्याला पिट्सबर्गचीच गोष्ट सांगितली. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी प्वेर्तो रिकोचा एक पोरगा मॉन्ट्रियलच्या आपल्या फार्म टीममध्ये ठेवला होता. फारसा खेळवत नव्हते, ८७ मॅचमध्ये .२५७. पायरेट्सचा माणूस क्लाइड सुकफोर्थ तिथे गेला होता दुसऱ्याच एका पिचरला बघायला, आणि त्याने मॅचआधी या पोराला आऊटफील्डमधून बॉल फेकताना पाहिलं. त्या नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये पायरेट्सनी त्याला ४,००० डॉलरला उचलला. रॉबर्टो क्लेमेंटे. पुढे अठरा सीझन पिट्सबर्गलाच, बरोबर ३,००० हिट. आणि तेव्हा पायरेट्सचा जनरल मॅनेजर होता ब्रँच रिकी, ज्याने सेंट लुईसला असताना ही फार्म सिस्टीम मुळात उभी केली. बाळ्या काही क्लेमेंटे नव्हे, पण दुसऱ्या टीमचा स्काऊटसुद्धा ॲव्हरेज सोडून हात बघू शकतो, आणि बाळ्याचा आर्म आता ६५ होता, फ्रेमिंग ६०. बॅकअप कॅचर म्हणून वर्षभर लपवून ठेवायला यापेक्षा सोपा माल नाही, आठवड्यातून एकदा खेळवा, बाकी बसवून ठेवा.

रिलीव्हर सोडला. आठवड्याभरात दुसऱ्या टीमने वेव्हर्सवरून (सोडलेला खेळाडू बाकीच्या टीम्सना उचलता येतो ती यादी) नेला आणि पुढच्या वर्षी त्याचा सीझन मस्त गेला. सातव्या इनिंगला मी अख्खं वर्ष भोगलं. तरीही माझ्या मते हिशोब बरोबर होता, रिलीव्हर दर हिवाळ्यात मिळतात, रोज कॅच करू शकेल असा फुकटात वाढलेला पोरगा मिळत नाही.

४० मध्ये घेतलं की दुसरं घड्याळ चालू होतं. तीन ऑप्शनची वर्षं, एका सीझनमध्ये वीस दिवस किंवा जास्त खाली काढले की एक वर्ष खर्ची. म्हणजे बाळ्याकडे आता २०३१, ३२ आणि ३३. त्यानंतर तो वर टिकला पाहिजे नाहीतर वेव्हर्स. हायस्कूलच्या कॅचरला हळू वाढवण्याचा तोटा तो हा, शेवटच्या टप्प्यात पोरगा नाही तर नियम घाई करतो.

वर

२०३१ इंडियानापोलिस. म्हातारे दोघं गेलेले, प्लेटमागे बाळ्या एकटा. त्या आधीच्या हिवाळ्यात त्याला डेव्हलपमेंट लॅबमध्ये टाकलं होतं, ओओटीपी २५ मध्ये आलेली गोष्ट, ऑफ सीझनला मोजक्या पोरांना एखाद्या कौशल्यावर काम करायला बसवता येतं. कॉन्टॅक्टवर बसवला, रिझल्ट साधारण. सीझनभरात स्ट्राईकआऊट टाळणं ४० ला पोचलं आणि तिथे थांबलं. स्काऊटने पोटेन्शियल कॉन्टॅक्ट ५० चं ४५ केलं. म्हणजे तो पहिल्या दिवसाचा संशय खरा निघाला, बॅट सरासरीच्या खालीच राहणार. पॉवर ५०, आय ५०. फ्रेमिंग ६५.

२०३२ च्या सुरुवातीला वर आणायचा की दोन आठवडे थांबवायचा, हा नेहमीचा सर्व्हिस टाईमचा, म्हणजे मेजर लीगमध्ये काढलेल्या दिवसांच्या हिशोबाचा, खेळ. सीझन साधारण १८७ दिवसांचा, १७२ दिवस भरले की एक वर्ष, म्हणून टीम्स पोरांना पंधरा सोळा दिवस खाली ठेवून एक वर्षाचा ताबा वाढवायच्या. २०२२ च्या करारानंतर त्याला थोडा चाप बसला, रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोनात आला की उशिरा येऊनही पूर्ण वर्ष मिळतं, पॉल स्कीन्सला २०२४ मध्ये तसंच मिळालं, मे महिन्यात येऊनही. बाळ्यासारख्या पोराला असलं काही मिळणार नव्हतं, त्यामुळे थांबवलं तर टीमचा फायदाच. पण त्याच्यासाठी मला तो फायदा एवढा मोठा वाटत नव्हता, तिशीच्या कॅचरचं सातवं वर्ष हवंय कुणाला? तरी एप्रिल खालीच गेला, कारण वर जागा नव्हती. मेमध्ये रेग्युलर कॅचरचं बोट मोडलं आणि बाळ्या चोविसाव्या वर्षी पिट्सबर्गला आला, आला तो राहिलाच.

पहिल्या सीझनला ॲव्हरेज दोनशे तीसच्या खाली, वॉक (चार वाईट बॉल सोडून फुकटात मिळणारा बेस) बऱ्यापैकी, अधूनमधून होमरन, स्ट्राईकआऊट भरपूर. बॅटर म्हणून सरासरीच्या खाली. पण फ्रेमिंगमुळे पिचर्सचे आकडे सुधारले आणि एकूण मिळून सरासरी रेग्युलर कॅचर. (खऱ्या मेजर लीगमध्ये २०२६ पासून स्ट्राईक झोनचा चॅलेंज करता येतो, त्यामुळे फ्रेमिंगची किंमत पुढे किती राहील हा वेगळा विषय, माझ्या व्हर्जनमध्ये ती पूर्ण आहे.) तिसऱ्या राऊंडच्या हायस्कूल कॅचरकडून मी एवढ्यावर खूश आहे, मित्र नाहीये. त्याच्या डोक्यात अजून ते ग्रीन्सबरोचे होमरन आहेत, तो म्हणतो २०२९ च्या जूनमध्ये विकला असता तर एक चांगला स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा, पिचर आला असता. आला असता, खरंय. तेव्हा त्याची बाजारातली किंमत सगळ्यात जास्त होती आणि ती कशामुळे होती हे मला माहीत होतं. पिचरची गरज असलेल्या टीमने तेच करावं. माझ्याकडे तेव्हा पिचर होते, प्लेटमागे कुणी नव्हतं.

सध्या २०३३ चालू आहे. बाळ्या आठवड्यातून पाच दिवस कॅच करतो, आठव्या नंबरला बॅटिंगला येतो, आर्बिट्रेशन, म्हणजे लवादापुढे पगार ठरायची पायरी, अजून लांब आहे. ग्रीन्सबरोला आता एक लेफ्टी फर्स्ट बेसमन होमरन मारतोय, स्ट्राईकआऊट टाळणं ३५ वर अडकलंय, आणि त्याच्यासाठी तीन टीम्सची विचारणा येऊन पडली आहे. फर्स्ट बेसला माझ्याकडे माणूस आहे, याला बहुतेक विकेन.